धुराड्याला अस्तर

आकुर्डीत फायरप्लेस असलेलं घर माझ्या माहितीत एकच आहे आणि दुर्दैवानं ते माझं आहे. जर्मनीहून परतलेल्या कुणा इंजिनियरनं पन्नासेक वर्षांपूर्वी ते बांधलं. हॉलच्या भिंतीत दगडी कमान, कमानीवर सागवानी फळी आणि भिंतीच्या पोटातून थेट गच्चीवर निघालेलं विटांचं धुराडं. आकुर्डीत थंडी पडते किती, हा प्रश्न त्या गृहस्थाला तेव्हा कुणी विचारला नसावा. मला मात्र सगळ्यांनी विचारला. घर घेताना एजंटानं विचारला, कर्ज देताना बँकेच्या माणसानं विचारला, आणि माझी पत्नी विजयश्री तर अजूनही अधूनमधून विचारते.

माझं स्वप्न साधं होतं. निवृत्तीनंतर जानेवारीतल्या संध्याकाळी त्या कमानीपुढे खुर्ची टाकायची, अंगावर शाल घ्यायची, समोर लाकडं तडतडताहेत आणि आपण विचारमग्न दिसतो आहोत. प्रत्यक्षात विचार करायचा माझा काही बेत नव्हता. चाकणच्या एका कंपनीत मी क्वालिटी विभागात जन्म काढला. दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंकडे संशयानं बघणं हेच तिथलं काम. अशा माणसाला म्हातारपणी शोभेल अशी एखादी जागा हवी असते. घरातल्या बाकी सगळ्या जागांवर विजयश्रीचा ताबा आहे, हेही सांगून टाकतो.

पहिल्यांदा जाळ केला तेव्हा मी स्वतःवर फार खूश झालो. हॉलमध्ये धुराचा मागमूस नव्हता. मी शाल सारखी करतोय तोच वरून हाक आली की कपाटातून धूर येतोय. विजयश्रीचं साड्यांचं कपाट वरच्या खोलीत धुराड्याच्या भिंतीला टेकून आहे. विटांमधला चुना कधीच झडून गेला होता आणि प्रत्येक फटीतून धूर अगदी शांतपणे कपाटात शिरून घड्यांमध्ये मुरत होता. तिच्या आईची लग्नातली पैठणी हुरड्याच्या आगटीसारखा वास मारत होती. विजयश्रीनं ती माझ्या नाकाशी धरली. मग म्हणाली की उद्या गवंडी बोलवा, ते भोक बुजवा आणि तिथे चपलांचं कपाट करा. माझ्या स्वप्नाच्या जागी चपला, या विचारानं मी रात्रीच्या जेवणापर्यंत अबोला धरला. तो तिच्या लक्षात आला नाही.

त्याच सुमारास माझे सासरे बबनराव आमच्याकडे आले होते. खेड तालुक्यातल्या एका वाडीवर ते राहतात, आणि सासूबाई गेल्यापासून एकटेच राहतात. गेल्या पावसाळ्यात ते गोठ्यात पाय घसरून पडले आणि सकाळी दूधवाला येईपर्यंत तसेच पडून होते. हे आम्हाला त्यांनी नाही, दूधवाल्यानं सांगितलं. तेव्हापासून विजयश्रीच्या जिवाला स्वस्थता नाही. त्यांनी फोन उचलायला जरा उशीर केला की तिच्या हातातलं काम थांबतं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं निमित्त करून तिनं त्यांना आणलं होतं, पण लेकीच्या घरी मुक्काम ठोकायचा नाही हा त्यांचा जुना नेम. डोळ्यात घालायचे थेंब संपले त्या दिवशी त्यांनी पिशवी भरून दाराशी ठेवली.

"लेकीच्या घरात बसून किती दिस खायाचं?" ते म्हणाले. "लोकं काय म्हनतील?"

लोक काहीही म्हणत नव्हते. आमच्या गल्लीत कोण कुणाकडे किती दिवस राहतं याची नोंद ठेवायला कुणाला सवड नाही. पण हे त्यांना पटवणार कोण? विजयश्री डोळ्यांत पाणी आणून समजावत होती आणि ते पायात वहाणा घालत होते. तेवढ्यात त्यांना वाळत घातलेल्या पैठणीचा वास आला. चौकशी झाली. त्यांनी वर जाऊन भिंतीवरून हात फिरवला, खाली येऊन कमानीत डोकं घातलं आणि नव्या डोळ्यानं बराच वेळ वर पाहिलं.

"आतून लिंपाया पायजे," डोकं बाहेर काढून ते म्हणाले. "जावईबापूंच्यानं व्हायचं न्हाई. एवढं काम मार्गी लावतो, मंग मला एष्टीत बसवा."

पिशवी दारातून पुन्हा आत गेली. फुकट बसणं वेगळं आणि काम अडलंय म्हणून थांबणं वेगळं, असा त्यांचा न्याय. चपलांच्या कपाटाचा विषय विजयश्रीनं त्या दिवसापासून काढला नाही. माझ्या अबोल्याचा परिणाम झाला, असं मी समजलो.

लिंपण म्हणजे माती, शेण आणि भुसा. माती मिळाली, भुसाही मिळाला. शेणासाठी मात्र चऱ्होलीपर्यंत जावं लागलं. तिथेही आता म्हशींपेक्षा सॅम्पल फ्लॅट जास्त झालेत. एका गोठ्यावर मी अदबीनं शेण मागितलं तर मालकानं आधी माझी गाडी पाहिली, मग मला पाहिलं आणि शेतघर बांधताय का विचारलं. गाडीच्या डिकीतून शेण आणणाऱ्या माणसाची सिग्नलवर काय प्रतिष्ठा राहते, याबद्दल मी अधिक लिहीत नाही.

बबनरावांची युक्ती अशी होती: गोणीत पेंढा ठासून तिचा बोळा करायचा, दोरी बांधून तो धुराड्यात खालपर्यंत सोडायचा, वरून चिखल ओतायचा आणि बोळा हळूहळू वर ओढायचा, म्हणजे चिखल चारी बाजूंना सारखा बसतो. दोरी ओढायला शेजारचे लक्ष्मणराव आले. ते एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममधून निवृत्त झालेत आणि त्यांना न बोलावता येण्याची सवय आहे. ते आणि बबनराव गच्चीवर, मी खाली हॉलमध्ये. माझं काम फक्त बघणं. या कामाचा मला दांडगा अनुभव असल्यानं मी ते मनापासून केलं, म्हणजे कमानीत शिरून, मान वर करून, तोंड थोडं उघडं ठेवून बघत राहिलो. मध्येच बोळा अडकला. लक्ष्मणरावांनी जोर लावला आणि दोरी तुटली.

त्यानंतर विजयश्रीनं माझे कान अंगणातल्या नळीनं धुतले. तिचा चेहरा मला दिसत नव्हता, कारण डोळे मिटलेले होते, पण तिचा हात हसण्यानं हलत होता. काजळीवर चिखल धरतच नाही, हे दुसऱ्या दिवशी कळलं. सगळं लिंपण पोपडे होऊन खाली आलं. बबनराव म्हणाले, गावाकडं असं कधी झालं न्हवतं. मला वाटतं गावाकडं असं कधी कुणी केलंच नव्हतं.

इथवर हे एका घराचं दुखणं होतं. ते गल्लीचं केलं लक्ष्मणरावांनी. आमच्याकडच्या कारखान्यांत एक पद्धत आहे. काही अडचण आली की सहा-सात कामगारांनी टेबलाभोवती बसायचं, गटाला नाव द्यायचं, अडचणीची कारणं शोधायची, माशाच्या सांगाड्यासारखी आकृती काढून त्यात ती लिहायची. याला क्वालिटी सर्कल म्हणतात. त्याच्या स्पर्धा होतात, ढाली मिळतात, आणि निवृत्तीनंतर माणसाला पगारापेक्षा त्याचीच जास्त आठवण येते. आमच्या गल्लीत अशी आठवण येणारे बरेच जण आहेत. गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीचा दिवस धरून, माझ्या हॉलमध्ये 'धूम्रमुक्ती क्वालिटी सर्कल'ची स्थापना झाली. वयानं ज्येष्ठ म्हणून बबनरावांना लीडर केलं. उभ्या आयुष्यात कारखान्याच्या फाटकातून आत न गेलेल्या माणसानं ते पद असं काही स्वीकारलं की पुढच्या गुरुवारी ते फेटा बांधून बसले.

आकृतीत कारणं भरली. भिंत, चुना, वारा, लाकडाचा ओलेपणा. 'माणूस' या सदरात लक्ष्मणरावांनी 'जाळ करणारा अप्रशिक्षित' असं लिहिलं. मी हरकत घेतली. ती मताला टाकण्यात आली आणि माझ्या एका मताविरुद्ध सगळ्यांनी फेटाळली. विजयश्रीनं पोहे दिले, वर पुन्हा चहा दिला आणि जाताना प्रत्येकाला आग्रहानं सांगितलं की घाई करू नका, सगळ्या बाजूंनी विचार होऊ द्या. इतकी वर्षं माझे मित्र घरी आले की हिचं डोकं दुखायचं. हा बदल मला सुखद वाटला.

सर्कलचा निष्कर्ष निघाला तो असा की धुराड्याच्या आतून स्टीलचा गोल पाइप सोडावा, म्हणजे धूर विटांना शिवणारच नाही. पण पाइपचं तोंड गच्चीवर निघणार, तेव्हा परवानगी घ्या, असं लक्ष्मणराव म्हणाले. परवानगीच्या कार्यालयात एक सज्जन तरुण बसला होता. त्यानं संगणकात बघून सांगितलं की राहत्या घराला धुराडं ही सोयच इथे नाही. ज्यांना धुराडं असू शकतं अशा गोष्टींत बेकरी, रंगाचा कारखाना आणि स्मशानभूमी एवढीच नावं होती. यातलं तुम्हाला त्यातल्या त्यात जवळचं काय वाटतं, असं त्यानं विचारलं. त्याचा हेतू वाईट नव्हता. तरी साठी ओलांडलेल्या माणसाला हे विचारू नये. मी बेकरी सांगितलं. मग त्यानं पाव की बिस्किटं असं विचारलं आणि मी घरी आलो.

परवानगीचा नाद सोडून पाइपकडे वळलो. भोसरीत शफीभाईंचं वर्कशॉप आहे. गाड्यांचे सायलेन्सर आणि कारखान्यांचे धुराचे नळ तिथे तयार होतात. शफीभाईंचा स्वतःच्या कामावर अलोट विश्वास आहे. मी समस्या सांगायला तोंड उघडलं तेव्हा ते म्हणाले, "साहेब, टेन्शन सोडा. आपला नळ लागला की धूर स्वतः विचारतो, कुठून जाऊ." मला ते आवडलं. मी त्यांना ड्रॉइंग काढून दिलं. घरच्या चुलीच्या नळाला कुणी इतकी बारीक मापं दिली नसतील, पण मला दुसरं ड्रॉइंग येत नाही.

रात्री जेवताना मी फुशारकीनं सांगितलं की आठवड्याभरात सगळं संपवून दाखवतो. बबनराव हात धुवायला उठले होते. विजयश्रीनं माझ्या ताटात वाढता वाढता हात थांबवला.

"तुमचं धुराडं झालं की बाबा जातील," ती हळूच म्हणाली. "मग मी इथे बसून फोनकडे बघत राहणार. तुम्हाला खरंच एवढी घाई आहे का?"

पोहे, चहा, आग्रह, सगळ्याचा उलगडा मला तेव्हा झाला. वाईट वाटलं. तिच्यासाठी वाटलंच, शिवाय आपल्या अबोल्याचा काहीच परिणाम झाला नव्हता याचंही वाटलं. मी म्हणालो, काम झाल्यावर आपण त्यांना समजावू. "तुम्ही? त्यांना?" एवढंच ती म्हणाली. पण चांगलं चाललेलं काम मुद्दाम लांबवणं माझ्या तत्त्वात बसत नव्हतं. तत्त्वं बाळगायला माणसाला खर्च येत नाही, म्हणून माझ्याकडे ती पुष्कळ आहेत.

नळ तयार झाला तेव्हा तपासायला मी लक्ष्मणरावांना घेऊन भोसरीला गेलो. आतून हात फिरवला, टॉर्च मारला, आणि जुनी सवय जागी होऊन तोंडातून निघून गेलं की पीसला तेल कुठे आहे? आमच्याकडे गंज धरू नये म्हणून तेल चोपडल्याशिवाय कुठलाही माल फाटकाबाहेर पडत नसे. मी नळ नापास केला. घरी सांगितलं तर विजयश्रीनं माझ्याकडे इतक्या प्रेमानं पाहिलं की, तिच्यासाठी नव्हे तर तेलासाठी नापास केलाय, हे सांगायचं मला सुचलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी मला शिरा मिळाला.

तेलावरून खोट काढली म्हणजे शफीभाईंच्या इभ्रतीचा प्रश्न. त्यांनी प्रत्येक तुकडा तेलाच्या पिंपात बुडवून काढला, तोंडाला प्लास्टिकची टोपणं घातली आणि टेम्पोतून परदेशी पाठवायच्या मालासारखा आणून उतरवला. लक्ष्मणरावांनी बोट घालून बघितलं आणि म्हणाले, याला म्हणतात काम. मीही मान डोलावली. गच्चीवरून तुकडे एकेक करून आत सोडले, जोडले, मधल्या पोकळीत वाळू भरली. इतके अनुभवी लोक तिथे होते, सगळ्यांची हयात कारखान्यांत गेलेली, आणि या नळात आपण जाळ करणार आहोत हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. माल आहे म्हणजे तेल आहे, एवढंच आम्हाला ठाऊक.

उद्घाटनाचा गुरुवार उजाडला. बबनरावांची पिशवी पुन्हा दाराशी आली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीचं ठरलं होतं. विजयश्रीनं त्यांच्या आवडीच्या मासवड्या केल्या आणि करता करता ती दाराशी ठेवलेल्या पिशवीकडे बघत राहिली. गल्ली जमली, भोसरीहून शफीभाईही आले. बबनरावांनी कमानीपुढे नारळ फोडला, मी जाळ केला, खुर्चीत बसलो, शाल घेतली. फोटोही निघाले. धूर सरळ वर गेला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला आयुष्यात पहिल्यांदा विचारमग्न वाटलं.

मग नळातून घुमल्यासारखा आवाज येऊ लागला. शफीभाई म्हणाले, ओढ चांगली आहे. आवाज वाढला. फळीवरची फुलदाणी थरथरू लागली. बाहेरून कुणीतरी ओरडलं. आम्ही अंगणात धावलो तर धुराड्याच्या तोंडातून डांबराच्या भट्टीसारखा काळा लोट निघून समोरच्या इमारतीवर पसरत होता. समोर राहणारी तनुजा घरून एका आयटी कंपनीचं काम करते. तिनं मीटिंग चालू असतानाच अग्निशमन दलाला फोन केला होता. बंब आला, गल्लीच्या वळणावर लावलेल्या मोटारींत अडकला. जवान पाइप खांद्यावर घेऊन पळत आले, गच्चीवर चढले आणि त्यांनी धुराड्यात वरून पाणी सोडलं. ते पाणी तेल, काजळी आणि वाळू घेऊन कमानीतून हॉलमध्ये आलं आणि सोफ्याखालून स्वयंपाकघराकडे निघालं. सर्व काही विझल्यावर त्यांच्या साहेबांनी ओल्या हॉलमध्ये उभं राहून वहीवर पेन टेकवलं आणि इथे कशाचं उत्पादन करता, असं विचारलं. मी म्हणालो, कशाचंच नाही, इथे मी बसतो. त्यांनी ते लिहिलं नाही.

माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. शफीभाई आणि लक्ष्मणराव तेलावरून एकमेकांना समजावत होते. विजयश्री बंबवाल्यांना मासवड्या वाढत होती आणि मधूनच काहीतरी गुणगुणत होती. बबनरावांनी काळ्या पाण्यातून चालत जाऊन आपली पिशवी उचलली आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवली. काम अर्धं टाकून मानसानं जाऊ नये, असं ते शफीभाईंना म्हणाले. सर्कलची तातडीची बैठक तिथल्या तिथे उभ्यानंच झाली.

घर वाळायला वेळ लागला. मी शरमेनं गच्चीवर जात नव्हतो, गल्लीत जात नव्हतो. मग एक दिवस सकाळी लवकर जाग आली. थंडी होती. सगळे झोपलेत असं बघून मी कमानीत चार लाकडं रचली आणि काडी ओढली. घुमणं नाही, काळा लोट नाही. तेल सगळं त्या दिवशीच जळून गेलं होतं. जाळ असा सरळ, स्वच्छ, शांत लागला की मी बघतच राहिलो. वर गेलो, कपाट उघडून साड्यांत नाक घातलं. डांबराच्या गोळ्यांचा वास. भिंत हातानं चाचपली, गार. माझ्या हातून आजवर जे काही घडलं त्यात हे पहिलं निर्दोष काम होतं, आणि ते ओरडून सगळ्या गल्लीला सांगायला मी धावत जिना उतरलो.

खाली जाळापुढे बबनराव उभे होते. दोन्ही तळवे पुढे धरून शेकत होते. स्वयंपाकघराच्या दारात विजयश्री उभी होती, अजून वेणी न घातलेली. तिनं जाळाकडे पाहिलं, वडिलांकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं.  

बबनराव तळवे उलटे करून पुन्हा शेकत राहिले. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "धूर मारतोय अजून. न्हाई का, जावईबापू?"

खिडकीतून कोवळं ऊन आत आलं होतं आणि त्या उन्हात धुराचा एक धागासुद्धा नव्हता. ऑपरेशन झालेल्या त्या डोळ्याला हे दिसत नसणं शक्य नव्हतं.  चुकीचा माल पास करायला सांगणारे पुष्कळ भेटले होते आणि त्यांना मी पुरून उरलो होतो. चांगला माल नापास करायला कुणी कधी सांगितलं नव्हतं, आणि कुणी सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

मी खोकलो. चांगला वरच्या मजल्यावर ऐकू जाईल असा खोकलो.

"मारतोय," मी म्हणालो. "फार मारतोय. या वर्षात काही आटोपत नाही हे काम."

"मंग ऱ्हावं लागंल," बबनराव म्हणाले आणि त्यांनी जाळात आणखी एक लाकूड सारलं.

विजयश्रीनं पदरानं डोळे पुसले. कुणी विचारलं असतं, तर तिनंही धुराचंच नाव सांगितलं असतं.